रिचार्जचाही भाव विचारा: घरच्या फोनचा खर्च कमी कसा करायचा

कापूस विकायचा असला की आपण तीन ठिकाणी भाव विचारतो. दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला, तालुक्याच्या जिनिंगला, आणि हिंगणघाटकडे कोणी ओळखीचं असलं तर त्यालाही. क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त मिळत असतील तर गाडीभाडं वजा करून हिशेब मांडतो. आणि ज्या फोनवरून हे सगळे भाव विचारले, त्याचं रिचार्ज संपलं की पानठेल्यावर जाऊन म्हणतो, “मार रे बाप्पा, नेहमीचंच.”

हे ‘नेहमीचंच’ फार महाग पडतं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरात पाच सिम आहेत: आई, बाबा, मी, बायको आणि पुण्याला कंपनीत असलेला धाकटा भाऊ. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, त्यानंतर काही महिने पाचही सिमवर २९९ रुपयांचा, २८ दिवसांचा, रोज एक जीबीवाला पॅक चालू होता. का? पानठेल्यावरच्या पोट्ट्याला तोच पाठ होता म्हणून. एका संध्याकाळी वही घेऊन बसलो. वर्षाचे १९,४३५ रुपये निघाले. आज तेच पाच सिम १४ हजारांच्या आसपास चालतात, आणि घरात कोणाचंही बोलणं एका मिनिटानं कमी झालेलं नाही. काय काय केलं ते क्रमानं सांगतो. ज्यांनी कधी स्वतः पॅक निवडलेला नाही, मुलगा किंवा दुकानदार मारून देतो तेवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी हे जास्त आहे.

पहिलं काम: वहीत घरातली सगळी सिम लिहा

एका पानावर घरातल्या प्रत्येक सिमसमोर पाच गोष्टी लिहा: कोणाचं, कोणत्या कंपनीचं, किती रुपयांचा पॅक, किती दिवसांचा, आणि नेट खरंच किती जळतं. शेवटची गोष्ट फोनच्या सेटिंगमध्ये ‘डेटा वापर’ म्हणून सापडते. आमच्या बाबांच्या फोनात महिन्याला ४० एमबी निघाले. पॅकमध्ये मिळत होते २८ जीबी. म्हणजे टँकरभर पाणी विकत घेऊन त्यातलं एक तांब्या वापरायचं, असा कारभार.

आता सगळ्यात जुनी खोच. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. ३६५ ला २८ नं भागा, तेरा येतात. आपण मनात बाराचा हिशेब धरतो आणि कंपनी तेरा वेळा पैसे घेते. ग्राहकांनी यावर बरीच ओरड केली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, नियम केला: प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचा आणि एक पॅक दर महिन्याला त्याच तारखेला नव्यानं मारता येणारा ठेवलाच पाहिजे. असे पॅक आहेत, पण दुकानदार स्वतःहून सांगत नाही. ज्यांचा पगार ठरलेल्या तारखेला होतो, त्यांना तारखेचा पॅक सोयीचा.

दुसरं काम: दिवसाचा भाव काढा

पॅकची किंमत भागिले दिवस. एवढंच. फोनमधला कॅल्क्युलेटर पुरे.

एअरटेलचे आकडे घेऊन दाखवतो. जुलै २०२४ नंतर २८ दिवसांचा सगळ्यात साधा पॅक १९९ ला झाला, म्हणजे दिवसाला ७ रुपये १० पैसे. २९९ चा पॅक दिवसाला १० रुपये ६८ पैसे. जानेवारी २०२५ मध्ये फक्त बोलण्याचे पॅक आले: ८४ दिवसांचा ४६९ ला, म्हणजे दिवसाला ५ रुपये ५८ पैसे, आणि पूर्ण वर्षाचा १,८४९ ला, म्हणजे ५ रुपये ७ पैसे. त्याच सुमारास जिओनं ८४ दिवसांचा ४४८ ला आणि ३३६ दिवसांचा १,७४८ ला काढला. हा दुसरा वर्षाचा वाटतो, पण वर्षाला २९ दिवस कमी आहे; दिवसाचा भाव ५ रुपये २० पैसे. ‘वर्षभराचा’ म्हणून कोणी सांगितलं तर आधी दिवस मोजा. कंपन्या ३३६ वर फार प्रेम करतात, कारण २८ गुणिले १२ बरोबर ३३६ होतात.

तुम्ही हे वाचाल तोवर आकडे इकडचे तिकडे झाले असतील. भागाकार तोच राहतो.

तिसरं काम: कोणाला नेट लागतं आणि कोणाला नुसतं बोलणं

खरी बचत इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

बरीच वर्षं कंपन्या नेटशिवाय पॅकच देत नव्हत्या. आजीच्या बटनाच्या फोनवरही रोज दीड जीबीचं ओझं. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं नियम दुरुस्त केला आणि प्रत्येक कंपनीला नुसत्या कॉल-एसएमएसचा निदान एक पॅक ठेवणं बंधनकारक केलं. त्याच दुरुस्तीत अशा खास पॅकची मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. वर सांगितलेले ४६९ आणि १,८४९ वाले पॅक त्यातूनच आले. हे पॅक कंपनीच्या ॲपमध्ये उघडल्या उघडल्या दिसत नाहीत. खाली सरकत जावं लागतं, किंवा दुकानात स्पष्ट म्हणावं लागतं: “नेट नको, फक्त कॉलिंगचा दे.” एकदा म्हणून पाहा. आमच्या इथला पोट्टा आधी म्हणाला, “असा पॅकच नाही काका.” मी म्हटलं, “शोध.” सापडला.

एक अट आधीच सांगतो. या पॅकवर चुकून नेट चालू राहिलं आणि खात्यात मूळ बॅलन्स, म्हणजे पॅकशिवायचे पैसे, असला तर तो कापला जाऊ शकतो. म्हणून आई-बाबांच्या फोनचं मोबाइल डेटाचं बटन बंद करून ठेवा.

आमच्या घरची वाटणी अशी झाली. आई-बाबांना वर्षाचा बोलण्याचा पॅक, दोघांचे मिळून ३,६९८. बायको अंगणवाडीत आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर रोज नोंदी भराव्या लागतात, फोटो पाठवावे लागतात, त्यामुळे तिचा २९९ चाच राहिला. पुण्याच्या भावाचाही आधी तोच. मी १९९ वर उतरलो. मला वाटायचं की नेट मलाच जास्त लागतं. वहीत उलट निघालं. बायकोनं ते वाचलं आणि काही बोलली नाही, पण पाहिलं मात्र.

शेतकऱ्याला नेट रोज लागत नाही, हंगामात लागतं. ई-पीक पाहणी करायची असली, पीएम किसानचं केवायसी असलं, की त्या दिवसापुरतं नेट घ्या किंवा घरातल्या दुसऱ्याच्या फोनवरून हॉटस्पॉट लावा. वर्षात दहा-बारा दिवस लागणाऱ्या नेटसाठी ३६५ दिवसांचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

जुना बटनाचा फोन असेल तर आणखी एक गोष्ट. साधा टूजीवाला फोन जिओच्या सिमवर चालत नाही, कारण त्यांचं जाळं फोरजीपासून सुरू होतं. त्यासाठी जिओनं जुलै २०२३ मध्ये जिओभारत नावाचा बटनाचा फोरजी फोन ९९९ रुपयांना काढला आणि त्याच फोनपुरता १२३ रुपयांत २८ दिवसांचा पॅक ठेवला. दिवसाला ४ रुपये ३९ पैसे, म्हणजे वरच्या सगळ्यांहून स्वस्त. पण हिशेब पूर्ण करा. १९९ वरून १२३ वर आलात तर तेरा पॅकमध्ये ९८८ रुपये वाचतात, म्हणजे पहिलं वर्ष फोनचेच पैसे फिटण्यात जातं. फायदा दुसऱ्या वर्षापासून. शिवाय हा फोन जिओशिवाय दुसऱ्या सिमवर चालत नाही, म्हणजे पुढं घासाघीस करायची जागाच उरत नाही. बैल घेतानाच दावं कोणाच्या हातात राहणार ते पाहावं.

चौथं काम: रेंज पाहा, जाहिरात नाही

स्वस्त पॅक आणि रेंज नाही, तर काय फोन देवळीत ठेवून पूजा करायची? दुसऱ्या कंपनीत जाण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेला शेजारी पकडा. त्याचा फोन घेऊन तीन ठिकाणी कॉल लावून पाहा: घराच्या आतल्या खोलीत, वावरात विहिरीपाशी, आणि आठवडी बाजारात गर्दीच्या वेळी. सकाळी एकदा, रात्री आठ वाजता एकदा. रात्री सगळं गाव ऑनलाइन असतं तेव्हा टॉवरचं खरं रूप कळतं. लाइट गेल्यावरही पाहा. काही टॉवरची बॅटरी तासाभरात बसते, आणि आपल्याकडे लाइट नेमकी पावसाच्या रात्री जाते, जेव्हा फोन सगळ्यात जास्त लागतो.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या गावांत, गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे, कित्येक ठिकाणी एकाच कंपनीचा टॉवर असतो. तिथं कंपनी बदलण्याची गोष्ट सोडा. पॅक बदलून जे वाचतं तेवढं वाचवा. अशा गावांत बहुधा बीएसएनएलच असतं. त्यांचं देशी बनावटीचं फोरजी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं. तुमच्या टॉवरवर ते खरंच लागलंय का, हे पुन्हा शेजाऱ्याच्या फोनवरच पाहायचं.

घरात फायबरचं, म्हणजे तारेनं येणाऱ्या नेटचं, वायफाय असेल आणि फोन बऱ्यापैकी नवा असेल, तर सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. जाड भिंतीच्या घरात किंवा टिनाच्या छपराखाली रेंज मिळत नसली तरी साधा कॉल वायफायवरून लागतो, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. आमच्या शेजारच्या काकू फोन आला की अंगणात चिंचेखाली पळायच्या. आता पळत नाहीत.

पाचवं काम: नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं

लोक घाबरतात ते नंबर जाईल म्हणून. बँक, आधार, पीएम किसान, सगळं त्या नंबरला जोडलेलं. पण २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि पोर्ट केल्यावर नंबर बदलत नसल्यामुळं बँकेत किंवा कुठंच काही कळवावं लागत नाही. बोलीभाषेत ‘पोर्ट मारणं’. रीत अशी.

मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत पी, ओ, आर, टी लिहा, एक जागा सोडा, आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ दिला पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. त्या मुदतीत आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा, कोड द्या, नवं सिम घ्या. नंबर आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचारच्या विभागात, राहणार असेल तर तीन कामकाजाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये जाणार असेल तर पाच. विदर्भ, पुणे, नाशिक, कोल्हापूर सगळं ‘महाराष्ट्र आणि गोवा’ या एकाच सर्कलमध्ये येतं; मुंबईचं सर्कल मात्र वेगळं आहे. बदल बहुतेक रात्रीच होतो, मधे काही तास फोन मुका राहतो. त्या रात्री घरात कोणी आजारी नाही ना, एवढं पाहून घ्या.

कोड मिळत नसेल तर कारणं ठरलेली असतात. या कंपनीत अजून ९० दिवस झालेले नाहीत. पोस्टपेडचं, म्हणजे आधी बोला आणि महिनाअखेर भरा अशा सिमचं, बिल बाकी आहे. किंवा सिम हरवलं म्हणून नुकतंच नवं घेतलं आहे. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस कोड देत नाहीत, चोरांना आळा बसावा म्हणून. आणि हो, जुना बॅलन्स आणि उरलेले दिवस बरोबर येत नाहीत. म्हणून पॅक संपत आला की मगच पोर्ट करायचं, काल वर्षाचा पॅक मारून आज नाही.

सहावं काम: घासाघीस. कुठं चालते, कुठं नाही

पानठेल्यावर घासू नका. प्रीपेडचा छापील दर दुकानदाराच्या हातात नसतो, आणि त्याला सुटतात ते मोजके रुपये. त्याच्याकडून पाच रुपये सोडवून घेण्यात आपलाही मान राहत नाही.

घासाघीस चालते ती तुम्ही निघालात हे कंपनीला कळल्यावर. १९०० वर मेसेज गेला की बऱ्याचदा एक-दोन दिवसांत जुन्या कंपनीचा फोन येतो. माझा मेसेज गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. नाव सांगत नाही, सगळ्या कंपन्या साधारण एकाच ठशाच्या.

“सर, आपण आमची सेवा का सोडत आहात?”

“ताई, पैसे जास्त पडतात.”

“सर, आपल्यासाठी रोज अर्धा जीबी जास्त डेटा देते.”

“डेटा पुरतोय ताई. दिवस वाढवून द्या, किंवा पैसे कमी करा.”

थोडा वेळ शांतता. मग ८४ दिवसांच्या पॅकवर काही दिवस जास्तीचे देते म्हणाली. मी म्हटलं, “एसएमएस पाठवा, वाचून सांगतो.” ती म्हणाली, ही ऑफर फक्त कॉलवर आहे. मी म्हटलं, मग राहू द्या. मेसेज आला नाही आणि मी निघून गेलो. भावाच्या नंबरचं उलट झालं: त्यानं मेसेज टाकल्यावर त्याच्या ॲपमध्येच एक स्वस्त पॅक दिसायला लागला. त्यानं तो मारला आणि पोर्टचं सोडून दिलं. कोडची मुदत संपली की ते आपोआप रद्द होतं. नव्या दुकानात अर्ज दिल्यावर मन बदललं, तर २४ तासांच्या आत इंग्रजीत ‘कॅन्सल’ आणि आपला नंबर लिहून १९०० वरच पाठवायचा.

या बोलण्यातून मी जे शिकलो ते असं. पहिली ऑफर नेहमी जास्त नेटची असते, कारण ते द्यायला त्यांचं काही जात नाही. तुम्हाला लागत नसेल तर सरळ नाही म्हणा. आवाज चढवू नका, पलीकडे बसलेली पोरगीही आपल्यासारख्याच कोणाच्या घरची असते आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर जेवढं आहे तेवढंच ती देऊ शकते. दुसऱ्या कंपनीचा नेमका पॅक, किंमत आणि दिवस तोंडपाठ ठेवा. “तिकडं स्वस्त आहे” यापेक्षा “तिकडं ८४ दिवसांचे ४४८ आहेत” याला वजन असतं. आणि तोंडी शब्दावर पैसे भरू नका. लिखित मेसेज किंवा ॲपमध्ये दिसलेला पॅक, एवढंच खरं.

पोस्टपेडवाल्यांना आणखी वाव असतो. घरातले तीन-चार नंबर एकाच कुटुंबाच्या प्लॅनमध्ये टाकले तर जोडलेला प्रत्येक नंबर स्वस्त पडतो का, ते विचारा. पण लक्षात ठेवा, पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ३९९ दिसतात, बिल येतं ४७० रुपये ८२ पैशांचं. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो. दोघांची तुलना करताना बरेच जण इथंच फसतात.

घरच्या फायबरचा आणि लँडलाइनचा हिशेब

खरी घासाघीस इथं होते, कारण समोर बसलेला माणूस ओळखीचा असतो. खेड्यात फायबर बहुधा गावच्या किंवा तालुक्याच्या केबलवाल्याकडूनच येतं, बीएसएनएलचंसुद्धा स्थानिक भागीदारामार्फत. दर महिन्याचा दर तो फारसा कमी करत नाही, पण बाकी बरंच काही सुटतं. जोडणीचा खर्च माफ कर म्हणा. राउटरचं भाडं लावू नको म्हणा, किंवा आमचाच राउटर लाव म्हणा. सहा महिन्यांचे एकदम भरतो, एक महिना फुकट दे म्हणा. गल्लीतली पाच घरं एकत्र जा. खांबापासून तार ओढायला त्याला एकदाच माणूस लावावा लागतो, म्हणून पाच घरांना तो वेगळा भाव देतो. आमच्या गल्लीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे घरीच असताना, चार घरांनी मिळून हे ठरवलं आणि जोडणी फुकट झाली.

फायबरबरोबर घरात ठेवायचा फोनही मिळतो आणि त्यावरून देशभर बोलणं बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतं. म्हातारी माणसं घरीच असतील तर त्यांना हा फोन बरा पडतो: मोठी बटनं, चार्जिंगची कटकट नाही. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून. आमची आई पहिले आठ दिवस म्हणत होती की फोनच बिघडला.

एक उणीव मात्र आहे. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरची लाइट गेली तरी तो वाजायचा. फायबरचा फोन घरच्या विजेवर चालतो. लोडशेडिंगच्या गावात राउटरला लावायचा छोटा यूपीएस घेतला नाही, तर लाइटबरोबर फोनही जातो. तो खर्चही हिशेबात धरा. तार तुटून फोन बरेच दिवस बंद राहिला तर तेवढ्या दिवसांचं भाडं वजा करून मागा, आणि मागताना तक्रारीचा नंबर व तारीख दाखवा.

बारीक गळती

आईच्या फोनवर दर महिन्याला कुठल्याशा भजनाच्या ट्यूनचे पैसे कापले जात होते. तिला वाटत होतं, फोन लावणाऱ्याला भजन ऐकू येतं ही कंपनीची मेहेरबानी. अशा सेवा बंद करायला सगळ्या कंपन्यांसाठी १५५२२३ हा एकच नंबर आहे. आपण न मागता सेवा सुरू झाली आणि २४ तासांच्या आत कळवलं तर पैसेही परत मिळतात. जाहिरातीच्या कॉलना कंटाळलात तर १९०९ वर फोन करून ते बंद करा. अशाच कॉलवर हो-हो म्हणताना निम्म्या सेवा सुरू होतात.

पैसे भरायची काही ॲप रिचार्जवर एक-दोन-तीन रुपये ‘सुविधा शुल्क’ लावतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर किंवा पानठेल्यावर ते बहुधा लागत नाही. वर्षात पाच सिम धरले तर रक्कम लहान नाही.

घरात खणात पडलेलं जुनं सिम असेल तर त्याचाही विचार करा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी ते बंद करू शकते; मात्र खात्यात निदान वीस रुपये असले तर त्यातून वीस कापून आणखी ३० दिवस चालू ठेवावं लागतं. बँकेला जोडलेला नंबर असा मरू देऊ नका, कारण काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं. आमच्या गावात एकाच्या नावावर सहा निघाली, त्यानं स्वतः घेतलेली दोन.

बिघडलं तर

तक्रार १९८ वर करा. तक्रारीचा नंबर मेसेजनं येतो, तो वहीत लिहा. तो नसेल तर पुढं कोणी विचारत नाही. तोडगा पटला नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथं पत्र पाठवून वाट पाहत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात मोबाइल कंपनीविरुद्ध दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोनशे रुपयांसाठी कोणी यवतमाळच्या खेपा मारणार नाही, खरं आहे. पण अपिलाचं पत्र लिहिताना हे वाक्य घातलं की उत्तर जरा लवकर येतं, असा माझा अनुभव.

पोर्टच्या काळात एक काळजी घ्या. तो आठ अक्षरांचा कोड म्हणजे घराची किल्ली. “कंपनीतून बोलतोय, कोड सांगा, ऑफर लावून देतो” असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. कोड फक्त दुकानात, समोर बसलेल्या माणसाला. “तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार” असे फोनही खोटेच असतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा.

वर्षाचा पॅक घेतला की शेवटची तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि पॅक संपल्याचा मेसेज आई-बाबा वाचत नाहीत. आम्ही ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहितो, दुधाच्या हिशेबाखाली, आठ दिवस आधीच्या चौकोनात. त्या आठ दिवसांत पुन्हा तीन ठिकाणी भाव विचारायचा असतो.